लघुलहरी ग्राहकयंत्रांतील केंद्रशोधनाची साधने : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

१

नभोवाणीच्या इतिहासात प्रक्षेपक केंद्रांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे ग्राहकयंत्रांना मिळालेले नाही. आणि ग्राहकयंत्रांचा विचार ज्यांनी केला, त्यांनीही तो बहुधा यंत्राच्या अंतर्रचनेपुरताच केला. श्रोत्याचा हात ज्या भागावर पडतो, तो बाहेरचा भाग, म्हणजे बटण, काटा, डायल व पट्टा बदलण्याची कळ, हा किरकोळ मानला गेला. वास्तविक दूरच्या केंद्राचा आवाज घरात येतो की नाही, हे पुष्कळदा याच भागावर अवलंबून असे. लघुलहरींच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेषच खरी होती. प्रस्तुत लेखात या साधनांचा विकास पाहताना बुलढाणा जिल्हा हा संदर्भ घेतला आहे. त्याचे कारण भौगोलिक आहे, तसेच राजकीयही आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हा प्रदेश अजिंठ्याच्या डोंगररांगेवर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्यात. बुलढाणा गावापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ३८० किलोमीटर, तर नागपूर सुमारे ३१० किलोमीटर अंतरावर आहे. मध्यमलहरींची जमिनीलगत जाणारी लहर एवढ्या अंतरावर दिवसा फार क्षीण होते. रात्री आकाशातून परावर्तित होऊन येणारी लहर पोहोचते खरी, पण आवाज चढतो, उतरतो, मध्येच विरून जातो. उलट तीनचारशे किलोमीटरचे हे अंतर लघुलहरींच्या खालच्या पट्ट्यांना अत्यंत सोयीचे असते. प्रक्षेपकातून जवळजवळ सरळ वर गेलेली लहर आयनांबरावरून परतते आणि भोवतालच्या काही शे किलोमीटरच्या प्रदेशावर पसरते. मुंबईचे लघुलहरी प्रक्षेपण १९३८ साली सुरू झाले. नागपूर केंद्र १९४८ साली निघाले. या दोहोंच्या मधल्या दशकात, आणि त्यानंतरही बराच काळ, या जिल्ह्यातील श्रोत्याला लघुलहरी ही चैनीची बाब नव्हती. ती गरज होती.

राजकीय बदलांनी ही गरज वाढवली. वऱ्हाडचा भाग असलेला हा जिल्हा प्रथम मध्य प्रांत व वऱ्हाडात, नंतर मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राजधानी नागपूरहून मुंबईला गेली; म्हणजे श्रोत्याच्या दृष्टीने ती आणखी दूर गेली. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तीही आरंभी मुंबई व मद्रास येथील लघुलहरी प्रक्षेपकांवरूनच. त्यापूर्वी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या मंत्रिपदाच्या काळात आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आळा बसला होता, व ती गीते ऐकण्यासाठी श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले होते. रेडिओ सिलोनही लघुलहरींवरच होता. शासन असो वा करमणूक, दोन्हींची वाट लघुलहरींच्या डायलवरूनच जात होती. मग प्रश्न असा उपस्थित होतो की, ती वाट चालण्याचे साधन श्रोत्याच्या हाती कितपत चांगले होते?

२

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी मराठी भाषेने या क्रियेला कोणते शब्द दिले, ते पाहणे उपयुक्त ठरेल. यंत्राच्या भागांना मराठीने बहुतांशी इंग्रजी नावेच ठेवली. बँड, डायल, व्हॉल्यूम हे शब्द जसेच्या तसे रूढ झाले. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी एकाच दांड्यावर फिरणाऱ्या दुहेरी-तिहेरी संधारित्राला नुसते ‘गँग’ म्हटले. क्रियापदे मात्र मराठीने स्वतःची वापरली. रेडिओ ‘लावतात’ आणि स्टेशन ‘लागते’.

‘लावणे’ आणि ‘लागणे’ ही जोडी अर्थपूर्ण आहे. तंबोरा लावतात, सूर लागतो. ‘लावणे’ सकर्मक आहे, त्याचा कर्ता माणूस आहे. ‘लागणे’ अकर्मक आहे. झोप लागते, भूक लागते, ठेच लागते, त्याप्रमाणे स्टेशनही लागते, किंवा लागत नाही. प्रयत्न माणसाचा, पण सिद्धी सर्वस्वी त्याच्या स्वाधीन नाही, हा भेद या दोन क्रियापदांत आपोआप नोंदला गेला आहे. लघुलहरींचे ज्ञान असणारा कोणीही हा भेद यथार्थ आहे असेच म्हणेल. कारण काटा अचूक जागी असूनही आयनांबराची अनुकूलता नसेल तर केंद्र ऐकू येत नाही.

तंबोऱ्याचा दाखला आणखी एका दृष्टीने महत्त्वाचा आहे. तंबोऱ्याची तार प्रथम खुंटी पिळून इष्ट स्वराच्या जवळ आणतात. मग घोडीच्या मागे तारेत ओवलेला मणी किंचित सरकवून ती नेमकी स्वरात बसवतात. खुंटीने जे काम होते ते मण्याने होत नाही, आणि मण्याचे काम खुंटीने करू गेल्यास तार स्वराच्या अलीकडे-पलीकडे उडत राहते. शोधणे ही एक क्रिया आणि स्थिरावणे ही दुसरी. दोहोंना स्वतंत्र साधन हवे, हे मिरजेचे तंतुवाद्यकार लघुलहरींच्या पुष्कळ आधीपासून जाणत होते. उत्तम लघुलहरी ग्राहकयंत्राचा इतिहास हा याच तत्त्वाच्या शोधाचा इतिहास आहे. घरगुती यंत्रात मात्र खुंटी होती, मणी नव्हता.

३

या विधानाची सत्यता थोड्या गणिताने पटेल. १९४० व १९५० च्या दशकांतील साधारण घरगुती संचात लघुलहरींचा पट्टा बहुधा ६ ते १८ मेगासायकल, म्हणजे सुमारे ५० ते १६ मीटर असा एकाच डायलवर बसवलेला असे. डायलची लांबी सहा इंच धरली, तर १२,००० किलोसायकल सुमारे १५२ मिलिमीटरांत आले. म्हणजे सरासरीने एका मिलिमीटरात जवळजवळ ८० किलोसायकल. १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेने ध्वनिक्षेपणासाठी ठरवलेला ३१ मीटरचा पट्टा ९५०० ते ९७७५ किलोसायकल एवढा, म्हणजे २७५ किलोसायकल रुंदीचा होता. डायलवर त्याला साडेतीन मिलिमीटर जागा मिळाली. तेवढ्या जागेत, दोन केंद्रांत दहा किलोसायकलचे अंतर धरले तरी, पंचवीसांहून अधिक केंद्रे शेजारी शेजारी उभी. काट्याची स्वतःची जाडी त्यांपैकी कित्येकांना झाकून टाकील.

हाताच्या दृष्टीने पाहिले तरी हीच स्थिती आढळते. डायलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काटा नेण्यास बटणाच्या चार फेऱ्या लागतात असे मानू. एका फेरीत ३००० किलोसायकल. एका अंशात आठांहून अधिक. बटण एक अंश फिरवणे म्हणजे बोटांची जाणवेल न जाणवेल अशी हालचाल. तेवढ्यात एक केंद्र जाऊन दुसरे येई. त्यातच बटणापासून काट्यापर्यंत ओढ नेणारी डायलची दोरी सैल झाली की, बटण फिरते पण काटा थबकतो, आणि मग एकदम उडी घेतो. शिवाय यंत्र तापेपर्यंत आतील दोलकाची कंपनसंख्या हळूहळू सरकत असते. म्हणून लावलेले केंद्र पहिल्या काही मिनिटांत पुन्हा पुन्हा सावरावे लागे.

या उणिवांवर तोडगे निघाले नाहीत असे नाही. १९३५ च्या सुमारास प्रचारात आलेला ‘जादूचा डोळा’, म्हणजे केंद्र नेमके लागताच जिची हिरवी छाया मिटत येते अशी नलिका, ही कानाच्या मदतीला डोळा देणारी युक्ती होती. काही महागड्या संचांत लघुलहरींचे एकेक ध्वनिक्षेपण-पट्टे पूर्ण डायलभर पसरवून देण्याची सोय असे. तीच घरगुती यंत्रातील मण्याची जागा. परंतु ती किमतीबरोबर येई. वीज न पोहोचलेल्या गावांत कोरड्या बॅटरीवर चालणाऱ्या संचांत नलिकांची संख्या व विजेचा खर्च जितका कमी, तितका संच परवडणारा. म्हणून अशा सोयी तेथे प्रथम गळून पडत.

पट्ट्यांची निवड हा आणखी एक मुद्दा. उष्ण कटिबंधातील देशांना अंतर्गत ध्वनिक्षेपणासाठी ६० व ९० मीटरचे पट्टे राखून ठेवलेले आहेत. दिवसा ४१ वा ३१ मीटर आणि सूर्यास्तानंतर ६० मीटर असा बदल तीनचारशे किलोमीटरच्या अंतरासाठी स्वाभाविक असतो. कारण सूर्य मावळल्यावर आयनांबराची सरळ वर आलेली लहर परतवण्याची शक्ती घटते आणि वरच्या कंपनसंख्या निसटून जातात. मुंबईचे सायंकालीन लघुलहरी प्रक्षेपण पुढील काळात ४८४० किलोहर्ट्झवर, म्हणजे सुमारे ६२ मीटरवर होत असे. ज्या संचाचा पट्टा ६ मेगासायकलपासूनच सुरू होई, त्यावर हे केंद्र कितीही बटण फिरवले तरी लागणे शक्य नव्हते. खामगावच्या व्यापाऱ्याने वा मेहकरच्या शिक्षकाने मुंबई ऐकावी की नाही, याचा निर्णय कारखान्यात पट्टे ठरवताना अगोदरच होऊन जाई. डायलच्या रचनेला सामाजिक परिणाम असतात, ते या अर्थाने.

४

डायलवरील आकडे आणि तोंडी सांगितला जाणारा आकडा यांतील अंतर स्पष्ट करणारे एक प्रसिद्ध उदाहरण १९४२ सालचे आहे. ‘छोडो भारत’ आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओवरून ४२.३४ मीटर ही तरंगलांबी सांगितली जात असे. जागा सतत बदलत हे केंद्र चालले; १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घालून ते बंद पाडले. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७०८० किलोसायकल. मीटरच्या शंभराव्या भागाएवढा फरक येथे पावणेदोन किलोसायकलांहूनही कमी भरतो. ज्या डायलवर ४१ व ४९ एवढ्याच खुणा ठळक, त्यावर ही दोन दशांश स्थळे शोधणे सर्वथा अशक्य होते.

मग तो आकडा सांगण्याचे प्रयोजन काय? श्रोत्याला त्यातून एवढेच कळे की, ‘एकेचाळीसच्या किंचित पुढे, एकोणपन्नासच्या दिशेने’. बाकीचे काम कानाने करावयाचे. परंतु त्याच आकड्याने केंद्राला स्थैर्य व ओळख दिली. चालक जागा बदलत होते, पत्ता सांगता येत नव्हता. तेव्हा आकडा हाच पत्ता झाला. डायलवरील संख्या ही मोजमाप नसून नाव असते, हे यावरून दिसून येते.

मराठीतील प्रयोगही हेच सांगतो. ‘पंचवीस मीटरवर’, ‘एकेचाळीस मीटरवर’ या प्रयोगांत ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय स्थळवाचक आहे. ‘माळावर’, ‘घाटावर’ यांत असते तसेच. येथे ‘मीटर’ शब्दाचा लांबीशी संबंध श्रोत्याच्या मनात उरलेला नाही. ते डायलवरील एका ठिकाणाचे नाव आहे. दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, व त्यानंतर काही वर्षांनी कापड वाराऐवजी मीटरने मिळू लागले. तत्पूर्वीच रेडिओ असलेल्या घरांतून ‘मीटर’ हा शब्द लांबीचे माप म्हणून नव्हे, तर जागेचे नाव म्हणून रुळला होता. शास्त्रज्ञांनी मीटर सोडून किलोसायकल स्वीकारले, १९६० साली हर्ट्झ या एककाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तरीही ‘एकतीस मीटर’, ‘एकेचाळीस मीटर’ ही नावे टिकली. गावाचे नाव गावाच्या सीमा बदलल्या म्हणून बदलत नाही, तसेच हे.

५

आता उत्तम प्रतीच्या यंत्रांकडे वळू. महाराष्ट्रातील लघुलहरींचा पहिला मोठा व्यावसायिक उपयोग १९२७ साली सुरू झालेल्या इंग्लंडबरोबरच्या बिनतारी तारसेवेत झाला. तिचा प्रक्षेपक पुण्याजवळ खडकी येथे, व ग्राहक केंद्र दौंड येथे होते. परंतु दौंडच्या यंत्राचे काम शोधण्याचे नव्हते. ठरलेल्या कंपनसंख्येवर अखंड स्थिर राहण्याचे होते. शोधणे व स्थिरावणे या दोन्ही गोष्टी ज्याला सारख्याच आवश्यक, असा वापर करणारे निराळे: हौशी बिनतारी कार्यकर्ते, जहाजांवरील व सैन्यातील तारयंत्री, आणि परकीय संदेश टिपणारे. त्यांच्या गरजेतून उत्तम डायल निर्माण झाला.

१९३५ साली अमेरिकेतील नॅशनल कंपनीने काढलेले एचआरओ हे यंत्र या दृष्टीने युगप्रवर्तक म्हणता येईल. त्याच्या मध्यभागी एकच मोठे गोल बटण होते. ते दहा वेळा फिरवले की पट्ट्याचे एक टोक ते दुसरे टोक पुरे होई. प्रत्येक फेरीत पन्नास भाग, एकूण पाचशे. बटणावरील लहान खिडक्यांतून दिसणारे आकडे फेरीगणिक आपोआप बदलत. निर्मात्यांच्या हिशेबाने ही मोजपट्टी बारा फूट लांबीच्या डायलइतकी होती. ७ ते १४.४ मेगासायकलच्या पट्ट्यावर एका मिलिमीटरात दोन किलोसायकल, आणि बटणाच्या एका अंशातही साधारण तेवढेच. घरगुती संचाशी तुलना करता हा फरक मिलिमीटरच्या हिशेबात चाळीसपट आहे. मळसूत्री दात्यांची जोडणी स्प्रिंगने दाबून धरलेली असल्याने बटण उलट फिरवताना ढिलेपणा जाणवत नसे. पट्टा बदलण्यासाठी कळ नव्हती. खणासारखी वेटोळ्यांची पेटी ओढून काढावी व दुसरी सरकवावी, आणि त्या खणाच्या दर्शनी भागावरच आकड्यावरून कंपनसंख्या काढण्याचा आलेख लावलेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये शत्रूचे संदेश टिपण्यासाठी ही यंत्रे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. मात्र त्यावरील शून्य ते पाचशे हे आकडे निव्वळ खुणा होत्या. त्यांना आलेखावाचून अर्थ नव्हता.

महायुद्धानंतर कॉलिन्स कंपनीने हा आलेखही अनावश्यक केला. वेटोळ्यातील लोहचूर्णाचा गाभा आतबाहेर सरकवून कंपनसंख्या समप्रमाणात बदलेल अशी रचना तिने सिद्ध केली. १९५० च्या दशकातील तिच्या आर-३९० ए या लष्करी यंत्रात दातेरी चाके व उंचवट्यांची चक्रे यांच्या गुंतागुंतीच्या जोडणीतून कंपनसंख्या थेट आकड्यांच्या चाकांवर वाचता येई. मेगासायकलचे एक बटण व किलोसायकलचे दुसरे. दुसऱ्याच्या दहा फेऱ्यांत १००० किलोसायकल. म्हणजे एका अंशात पाव किलोसायकलहून थोडे अधिक. ब्रिटनमधील रॅकल कंपनीच्या आरए-१७ या यंत्राने, दक्षिण आफ्रिकेचे अभियंते ट्रेव्हर वॅडली यांच्या मंडलाच्या आधारे, हेच साध्य निराळ्या मार्गाने गाठले. पहिल्या बटणाने तीस मेगासायकल-पट्ट्यांपैकी एक निवडावा. दुसऱ्याने फिल्मच्या लांब पट्टीवर किलोसायकल वाचावे. शंभर किलोसायकलला या पट्टीवर सुमारे सहा इंच जागा होती. घरगुती संचात जेवढ्या जागेत सारे लघुलहरी जग कोंबलेले, तेवढ्यात येथे त्याचा शंभराहून लहान अंश पसरलेला. आणि कोणत्याही पट्ट्यावर बटणाची ओढ व पट्टीची लांबी सारखीच. त्यामुळे हाताला जो अंदाज एकदा आला, तो सर्वत्र उपयोगी पडे.

येथे खुंटी आणि मणी यांचे तत्त्व पूर्णत्वास गेले असे म्हणता येईल. आणखी एक सूक्ष्म गोष्टही नमूद केली पाहिजे. तारयंत्र्याचा उजवा हात लिहिण्यात गुंतलेला असतो. म्हणून बटण डाव्या हातालाही सहज साधले पाहिजे, मनगट मेजावर टेकलेले असताना फिरले पाहिजे, आणि तासन् तास फिरवूनही बोटे थकता कामा नयेत. एडिस्टोन या ब्रिटिश यंत्रांत बटणाच्या दांड्यावर जड चाक बसवलेले असे; एक झटका दिला की काटा दूरवर आपोआप धावे, व बोट टेकताच थांबे. शोधण्याचा वेग व स्थिरावण्याचा संयम, दोन्ही एकाच बटणात आणण्याचा हा प्रयत्न होता.

६

यापुढील पायरी संख्येची. १९८० साली सोनी कंपनीच्या आयसीएफ-२००१ या संचात फिरवावयाचे बटणच काढून टाकले गेले. कंपनसंख्या आकड्यांच्या कळा दाबून थेट लिहावयाची. कंपनसंख्या ठाऊक असेल तर यापेक्षा सोपे काही नाही. पण ठाऊक नसेल तर? शेजारच्या केंद्राचा आवाज चुकवण्यासाठी किंचित बाजूला सरकावयाचे असेल तर? १९८५ च्या सुमारास आलेल्या त्याच मालिकेतील पुढील संचात आकड्यांच्या कळांबरोबरच फिरते बटण परत आले. संख्येने पत्ता मिळतो, परंतु धुंडाळणे व सावरणे यांसाठी हाताला फिरते साधन लागतेच, असे या पुनरागमनातून सिद्ध होते.

अलीकडच्या दशकांत आकाशवाणीचे लघुलहरी प्रक्षेपण मोठ्या प्रमाणावर आटोपले आहे, आणि बुलढाणा जिल्ह्यातील श्रोता इतर साधनांकडे वळला आहे. म्हणून या विषयाचे महत्त्व संपते असे नाही. ज्या जिल्ह्याला लघुलहरींची गरज अधिक होती, त्याच्या वाट्याला लघुलहरींचे सर्वांत आखूड डायल आले. ज्यांच्या हाती बारा फुटांची किंवा त्याहून लांब पट्टी होती, ते बहुधा सैन्याचे व सरकारी खात्यांचे यंत्री होते. तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा आलेख उत्तम यंत्रांवरून काढला, तर तो सरळ वर जाताना दिसतो. त्याच काळातील साध्या संचावरून काढला, तर साडेतीन मिलिमीटरांत पंचवीस केंद्रे दिसतात, आणि त्यांतून हवे ते वेगळे काढणारा श्रोत्याचा हात दिसतो. यंत्रातील उणीव त्या हाताने आणि कानाने भरून काढली. बटण थोडे पुढे न्यावे, थोडे मागे आणावे, दोन्ही बाजूंना आवाज विरतो कोठे ते पाहून मधोमध थांबावे, ही रीत डायलवर कोठेही छापलेली नव्हती. हे कौशल्य लेखी कागदपत्रांत सापडत नाही. यंत्रे संग्रहालयांत राहतात, आकडे पुस्तकांत राहतात. हाताचे ज्ञान हातांबरोबर जाते. भाषेने मात्र त्याची एक खूण जपून ठेवली आहे. कोणतेही बटण न फिरवता आज मराठी माणूस फोन ‘लावतो’, आणि तो ‘लागत नाही’ म्हणून तक्रार करतो. या इतिहासाची साधने गोळा करणाऱ्या अभ्यासकाने जुन्या संचांबरोबर असे शब्दही टिपून ठेवले पाहिजेत. आणि ज्यांच्या बोटांना ती रीत अजून आठवते, त्यांच्याकडून ती वेळीच समजून घेतली पाहिजे.